नातं नसलेला परीक्षक पाहिजे

निःपक्षपातीपणा हा शिक्षणाचा पाया आहे, आणि पाया जमिनीत खोल असावा लागतो, हे सर्वमान्य आहे. इकालुविक गावात मात्र जमीन बारा महिने गोठलेली असते, आणि तिच्यात पाया खणला की ती वितळून घर एका अंगाला कलतं. म्हणून तिथली सगळी घरं लोखंडी जॅकवर उभी असतात. दर उन्हाळ्यात घरातलं कोणीतरी पान्हा घेऊन खाली सरपटत जातं आणि ज्या बाजूला पोरांचा चेंडू घरंगळतो ती बाजू जरा उचलून येतं. विद्यापीठाला ही गोष्ट माहीत होती. तिच्या अभ्यासासाठी त्यांनी एक भूगर्भतज्ज्ञही पाठवला होता. पण ती निःपक्षपातीपणालाही लागू पडेल, असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

हडसनच्या उपसागरावरच्या या गावात शिक्षक पदविकेचा अभ्यासक्रम सुरू करावा की करू नये, याचा विद्यापीठाने सहा वर्षं अभ्यास केला. पहिल्या समितीने असा निष्कर्ष काढला की गावाला अभ्यासक्रमाची गरज आहे, कारण तिथे अभ्यासक्रम नाही. दुसऱ्या समितीने हा निष्कर्ष घाईचा ठरवला. तिसऱ्या समितीचं विमान धुक्यामुळे उतरूच शकलं नाही. तिने गाव वरून पाहिलं आणि अनुकूल अहवाल दिला. अहवालात अभ्यासक्रमाची उद्दिष्टं पुढीलप्रमाणे नमूद होती: (१) स्थानिक लोकांचं सक्षमीकरण करणे, (२) स्थानिक ज्ञानाचा सन्मान करणे, (३) वरील दोन्ही गोष्टी विहित मुदतीत उरकणे.

गरज होती, यात शंका नाही. गावच्या शाळेत शिकवायला मास्तर दक्षिणेतून येत. त्यांपैकी बत्तीस टक्के पहिल्या हिमवादळानंतर परत जात आणि एकसष्ट टक्के नाताळच्या सुट्टीला जाऊन यायचे विसरत. उरलेल्या सात टक्क्यांनी गावातच लग्नं केली आणि ते शिकारीला जाऊ लागले, म्हणजे शिक्षणाच्या दृष्टीने तेही वायाच गेले. गावच्याच माणसांना शिक्षक करावं ही कल्पना त्यामुळे क्रांतिकारक मानली गेली. ती गावातल्या म्हाताऱ्या चाळीस वर्षं सांगत होत्या, पण संदर्भ न देता.

अभ्यासक्रमाचा नियम क्रमांक तीन असा होता की अर्धे गुण स्थानिक परीक्षक देईल; तसा परीक्षक नसल्यास अभ्यासक्रम चालवता येणार नाही. हा नियम तिसऱ्या समितीने विमानातच लिहिला, त्यामुळे त्यात उदारपणा भरपूर होता. नियम क्रमांक चौदा जुना, विद्यापीठाच्या स्थापनेपासूनचा: कोणत्याही परीक्षकाने आपल्या नातेवाइकाची उत्तरपत्रिका तपासू नये. एकाच पुस्तिकेत छापलेले असल्यामुळे या दोन नियमांची एकमेकांशी ओळख असेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

स्थानिक परीक्षक म्हणून आलासीची नेमणूक झाली. हुद्दा होता ‘सहपरीक्षक (स्थानिक, हंगामी, सन्माननीय)’. आलासी बासष्ट वर्षांची. गावच्या शाळेत तिने तीस वर्षं मदतनीस म्हणून काढली होती. म्हणजे मास्तर वर्गात असेपर्यंत ती मदत करायची आणि मास्तर विमानात बसला की शिकवायची. विद्यापीठाचं विचारणं आलं तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत, उभ्या उभ्या हो म्हणाली. त्याचं कारण तिची आई.

आईचं नाव उविलुक. गावात पहिल्यांदा शाळा उघडली तेव्हा आई तिशीची होती आणि तिला शिकायचं होतं. शाळेने तिला कामावर घेतलं. वर्गात घेतलं नाही. वर्ग मुलांसाठी होता, आणि एकदा अपवाद केला असता तर उद्या कोणीही शिकलं असतं. पुढे ती म्हातारी झाली तरी दुकानात गेली की डब्यांवरची अक्षरं बोटाने गिरवत उभी राहायची, आणि मागे रांग लागायची.  बावीस वर्षांपूर्वी आई गेली, आणि दोन महिन्यांनी तीन घरं सोडून परत आली. वजन सात पौंड, मुलगा.

यात दचकण्यासारखं काही नाही. माणूस जातो, त्याचं नाव थोडे दिवस ताटकळतं, मग ते एखाद्या बाळाला मिळतं आणि नावाबरोबर त्या माणसाची सगळी नाती बाळाकडे येतात. इकालुविकमध्ये त्यामुळे कोणी फार दिवस पोरकं राहत नाही. (विधवाही राहत नाही.) उविलुक आता बावीस वर्षांचा, सहा फूट उंच, सीलच्या शिकारीत तरबेज. आलासी त्याला आई म्हणते आणि तो तिला पोरी म्हणतो. लहानपणी गोड खाऊन त्याचे दात किडले तेव्हा त्याला ओरडावं की नाही, असा तिला खरोखरच पेच पडला होता, कारण आईला ओरडणं बरं दिसत नाही. अभ्यासक्रमाला त्याने सगळ्यांत आधी नाव दिलं. या खेपेला आई वर्गात बसणार होती आणि शिक्षक होऊन बाहेर पडणार होती. आलासीला अभ्यासक्रमाकडून एवढंच हवं होतं. सक्षमीकरण ज्याला हवं असेल त्याने खुशाल न्यावं.

वर्ग भरायचा अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर. बाकं आदल्या उन्हाळ्याच्या जहाजाने आली होती, पुस्तकं पुढच्या उन्हाळ्याच्या जहाजाने येणार होती, आणि मधल्या काळाला विद्यापीठाने ‘पायाभरणी वर्ष’ असं नाव दिलं होतं. समन्वयक म्हणून दक्षिणेतून डॉ. एडविन हॉलोवे आदल्या वर्षीच येऊन राहिले होते. अठ्ठावन्न वर्षांचे, घटस्फोटित, मनाने चांगले. नाताळला त्यांना कोणाचा फोन यायचा नाही, आणि गावात सगळे फोन शेजाऱ्यांना ऐकू जात असल्यामुळे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

विद्यार्थी अकरा. त्यांत काल्लुक नावाची एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, एरवी दुकानात गल्ल्यावर बसणारी. ती आलासीचा नवरा. आलासीचा मूळ नवरा काल्लुक बर्फ फुटून समुद्रात गेला, त्याचं नाव हिच्याकडे आलं होतं. पहिल्याच दिवशी ती मागच्या बाकावरून म्हणाली, “बायको, चहा कधी?”

“धडा झाल्यावर,” आलासी म्हणाली. “मागेही असाच होतास. काम निघालं की तुला चहा आठवायचा.”

वर्ग हसला. डॉ. हॉलोवेही हसले, त्यांना कळलं काहीच नव्हतं, पण एकत्र हसल्याने विश्वास वाढतो असं त्यांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं.

पहिल्या चाचणीत आलासीने नवऱ्याला नापास केलं. काल्लुक दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, अगदी मूळ काल्लुकसारखी. आईला तिने काठावर पास केलं आणि घरी बोलावून सुनावलं, की उत्तरं फार आखूड आहेत, शिक्षकाने असं ओठ मिटून लिहून कसं चालेल. आईने खाली मान घालून ऐकून घेतलं, फार कडक झालीस म्हणाली, आणि तिच्याच फ्रीझरमधला मासा काढून खाल्ला. पुढच्या चाचणीत आईची उत्तरं दीडपट झाली होती. एकूण वर्गाची प्रगती पाहून डॉ. हॉलोवे इतके खूश झाले की त्यांनी तसा अहवाल विद्यापीठाला पाठवला, आणि तिथून सगळं बिनसलं. विद्यापीठात चांगली बातमी आली की ती तपासण्याची पद्धत आहे.

तपासणीसाठी ‘हितसंबंध उपसमिती’ बसली. अध्यक्ष प्रा. इनग्रिड लिंडग्रेन, सचिव उपकुलसचिव श्री. बोशां. सुनावणी टेलिफोनवर झाली, कारण त्या आठवड्यात वारा होता आणि पडद्यावरचे चेहरे तोंड उघडल्यावर तसेच राहत होते. आलासी अग्निशमन केंद्रात फोनसमोर बसली, शेजारी डॉ. हॉलोवे.

“वर्गात आपलं कोणी नातेवाईक आहे का?” प्रा. लिंडग्रेन यांनी विचारलं.

आलासीने भुवया उंचावल्या. इकालुविकमध्ये याचा अर्थ हो. टेलिफोनवर भुवया ऐकू जात नसल्यामुळे कार्यवृत्तात ‘सहपरीक्षकांनी मौन पाळले’ अशी नोंद झाली. मग डॉ. हॉलोवेंनी खुणावलं तेव्हा तिने तोंडाने सांगितलं.

“आहेत की. माझी आई आहे.”

“आपलं वय बासष्ट दिसतंय. आईंचं वय?”

“बावीस.”

फोनमध्ये कोणीतरी आकडा खोडून पुन्हा लिहिल्याचा आवाज आला.

“बरं. आणखी कोणी?”

“नवरा आहे. पण त्याला मी नापास केलंय.”

“त्यांचं वय सांगता का?”

“एकोणीस. ती आता गल्ल्यावर असेल, बोलावून घेऊ?”

प्रा. लिंडग्रेन सभ्य बाई होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त उरलेल्या नऊ जणांबद्दल विचारलं. आलासीने मोकळेपणाने सगळं सांगितलं. दोघं तिचे भाऊ होते. एक तिची सासू होती, त्यामुळे त्याच्याशी जपून बोलावं लागायचं. एक तिचा मामा, पण मामा पहिल्यापासूनच अभ्यासात कच्चा. सीपोरा नावाची मुलगी उविलुकबरोबर राहत होती आणि तिला दिवस गेले होते. आईच्या बायकोला काय म्हणायचं हे गावात अजून ठरलेलं नव्हतं, पण नातं होतंच. बाकीच्यांचंही असंच. तिला वाटलं, बाईंनी एवढ्या आपुलकीने चौकशी केली, तर कोणाला गाळायला नको.

उपसमितीने यावर तीन पर्याय काढले.

(अ) नात्यातल्या विद्यार्थ्यांना वगळणे. वगळल्यानंतरची विद्यार्थिसंख्या: शून्य. (शून्य विद्यार्थ्यांच्या वर्गात पक्षपाताला वाव राहत नाही, हा या पर्यायाचा विशेष गुण म्हणून नोंदवण्यात आला.)

(ब) सहपरीक्षकांना वगळणे. मग नियम तीन मोडतो आणि अभ्यासक्रम बंद होतो.

(क) सर्व नाती परीक्षेपुरती स्थगित ठेवणे.

तिसरा पर्याय माणुसकीचा होता, त्यामुळे तो एकमताने मंजूर झाला. आलासीने फक्त एका वाक्याखाली सही करायची होती: ‘सदर विद्यार्थी माझी आई नाही, नव्हती, व निकाल जाहीर होईपर्यंत असणार नाही.’ नवरा, सासू, मामा यांच्यासाठी त्याच वाक्याच्या वेगळ्या प्रती जोडल्या होत्या.

डॉ. हॉलोवे तो कागद घेऊन तिच्या घरी गेले तेव्हा जमिनीवर पुठ्ठा पसरून आलासी आणि उविलुक गोठलेला मासा खात बसले होते. डॉ. हॉलोवेंनाही सुरी मिळाली. त्यांनी दोन तुकडे खाल्ले, मग चाचरत चाचरत सांगितलं की ही एक औपचारिकता आहे, निकाल लागला की आई पुन्हा आई होईल.

“तिच्यासमोर सही करू?” आलासीने विचारलं.

“कर ना, पोरी,” उविलुक म्हणाला. “कागदच आहे. मला काय फरक पडतो?” पण त्याने खाणं थांबवलं होतं.

“मला पडतो,” आलासी म्हणाली. “तेव्हा तिला वर्गाबाहेर ठेवलं ते शाळेने. आता ते काम मी करू होय?”

कागद तिने परत दिला. उविलुकने सुरी पुसून ठेवली. जाताना तो दाराशी म्हणाला, की वरच्या खाणीवाले माणसं घेतायत, बर्फ फुटलं की त्यांचं विमान येणार आहे. इथलं काही जमलं नाही तर तो जाईल म्हणतो. आलासीने भांडी धुतली आणि धुतलेली पुन्हा धुतली. खाणीवर गेलेले परत येत नाहीत असं नाही, पण परत येऊन वर्गात बसलेलं तिने कोणाला पाहिलं नव्हतं.

सही नाही, म्हणून विद्यापीठाने गावाच्या परिषदेला पत्र पाठवलं. पत्राचा अनुवाद अगदी चोख झाला होता, हे नमूद केलं पाहिजे. त्यात लिहिलं होतं की आमच्या आणि आपल्या दरम्यान नात्यांचा प्रश्न उभा राहिला आहे, आणि तो सुटल्याशिवाय अभ्यासक्रम पुढे नेता येणार नाही. महापौर इत्तुक यांनी ते गावच्या रेडिओवर वाचून दाखवलं. (बिंगो संपल्यावर. बिंगोच्या आधी वाचलेलं कोणी ऐकत नाही.) मग लोकांनी फोन करून मतं मांडली, आणि गावाला एकच अर्थ लागला. नातं असल्यामुळे एखादं काम अडलं, असं इकालुविकमध्ये कधी घडलेलं नाही. काम अडतं ते नातं नसल्यामुळे. म्हणजे विद्यापीठाचं इथे कोणी नाही, आणि ते त्यांना लागलेलं दिसतं.

“सहा वर्षं विमानाने ये-जा करतात बिचारे,” एका म्हातारीने रेडिओवर सांगितलं. “एकाने तरी त्यांना नाव दिलं का? लाज वाटायला पाहिजे आपल्याला.”

गावाला लाज वाटली. पुढच्याच आठवड्यात सीपोराला मुलगा झाला, आणि त्याचं नाव एडविन ठेवलं. नाव मेलेल्याचंच हवं असं काही नसतं. जिवंत माणसावर जीव असेल तर त्याचंही देतात, आणि मग दोघांची नाती एक होतात. आलासी स्वतः डॉ. हॉलोवेंच्या दाराशी गेली. तोपर्यंत ती त्यांना अहो-जाहो करत होती.

“चल,” ती म्हणाली. “तू माझ्या आईचा मुलगा झालायस, म्हणजे माझा धाकटा भाऊ. बाळाला बघायला रिकाम्या हाताने जाऊ नको, आणि मी तुझ्यासाठी हातमोजे शिवलेत ते घाल.”

डॉ. हॉलोवे रडले. आधी हळू, मग अगदी मुसमुसून. त्या नाताळला त्यांना चौदा घरांतून फोन आले, आणि चौदाही जणांनी जेवलास का म्हणून विचारलं. नाताळ उलटल्यावर ते टेबलाशी बसले आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांनी विद्यापीठाला कळवलं की माझे दोन विद्यार्थी आता माझे आई-वडील आहेत, सबब नियम चौदा पाहावा. अंतिम परीक्षेच्या उत्तरपत्रिका खास परवानगीने एकट्या डॉ. हॉलोवेंनी तपासाव्यात, असा ठराव विद्यापीठाने त्याच सकाळी केला होता.

परीक्षा ठरल्या दिवशी झाली. उत्तरपत्रिका लाखेने बंद करून दक्षिणेला गेल्या, कारण आता त्या प्रा. लिंडग्रेन तपासणार होत्या. अर्धे गुण कोण देणार हा प्रश्न त्यांनी मोठ्या मनाने बाजूला ठेवला होता. उत्तरपत्रिका पोहोचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना एक फोटो मिळाला: अंगरख्याच्या पाठीवरच्या टोपडीतून डोकावणारं बाळ, नाव इनग्रिड, आणि खाली निरोप की तुझी आजी विचारतेय, तू मासा खातेस ना? प्रा. लिंडग्रेन यांनी उपसमितीचा राजीनामा दिला. फोटो त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि दिवसातून तीन-चारदा ड्रॉवर उघडू लागल्या. ड्रॉवरमध्ये काय आहे याची चौकशी करायला दुसरी उपसमिती नेमण्यात आली.

आलासीच्या तेव्हा लक्षात आलं. तिने रेडिओला फोन लावला आणि सांगितलं, जरा थांबा, तुम्ही एकेक नाव देताय आणि त्यांच्याकडे एकेक परीक्षक कमी होतोय. पण ज्याला द्यायचंय त्याला थांब म्हणणं सोपं नसतं. श्री. बोशां यांची पाळी आली तेव्हा गावात बाळंतपण नव्हतं, म्हणून त्यांचं नाव गाडीला सगळ्यांत पुढे जुंपतात त्या कुत्र्याला देण्यात आलं. श्री. बोशां यांना विद्यापीठात कोणी कधी पुढे जाऊ दिलं नव्हतं. त्यांनीही हितसंबंध जाहीर केला. त्यानंतरच्या बाळाला गावाने परीक्षा विभाग एकदमच दिला, कारण एका बाळाला कितीही नावं पेलतात. मार्चअखेर विद्यापीठातले त्र्याऐंशी टक्के कर्मचारी इकालुविकचे नातेवाईक झाले होते, आणि उरलेले सतरा टक्के जेवणाच्या सुट्टीत एकटे बसू लागले होते.

इकडे रोज संध्याकाळी उविलुक बर्फावरून परत येई आणि आलासीच्या दारात बूट झटकत विचारी, “लागला?”

“नाही अजून.”

“बरं.”

एवढंच. एके दिवशी त्याने विचारलंच नाही. आलासीने पाहिलं तर त्याने खाणीवाल्यांचा अर्ज भरून आणला होता आणि नावाची अक्षरं बरोबर आली आहेत का, ते बोटाने गिरवून बघत होता. तिने त्याच्या हातातला कागद घेतला, शुद्धलेखन तपासलं, एक चूक होती ती दुरुस्त केली आणि परत दिला. मग आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसली. आपण त्या दिवशी सही करायला हवी होती का, असं तिने स्वतःला विचारलं. उत्तर नाही असंच आलं, आणि त्याने तिला काही बरं वाटलं नाही.

विद्यापीठही हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. बर्फ फुटायच्या आत निकाल लागला नाही तर अभ्यासक्रम आपोआप रद्द होतो, हे त्यांच्याच पुस्तिकेत लिहिलेलं होतं. कुलगुरूंनी (यांचं नाव सुदैवाने इतकं लांब होतं की कोणत्याही बाळाला घेववलं नाही) स्वतः लक्ष घालून परीक्षकासाठी पात्रतेचे निकष ठरवले. परीक्षकाचं इकालुविकमध्ये रक्ताचं, लग्नाचं किंवा नावाचं कोणतंही नातं नसावं. त्याने ते गाव पाहिलेलं नसावं आणि पाहण्याची इच्छाही नसावी. गावातल्या कोणालाही वाचता येणार नाही अशा भाषेत तो वाचत असावा, म्हणजे कृतज्ञतेचे फोटो पोहोचण्याची भीती राहणार नाही. आणि प्रकरणाची सगळी माहिती शांतपणे, एका जागी बसून, मध्ये न उठता वाचून काढण्याची त्याला सवय असावी.

शोध बराच लांबवर करावा लागला. शेवटी एक भाषा सापडली. वरील संपूर्ण टिपण त्या भाषेत त्यासाठीच तयार करण्यात आलं आहे. आपण करमणूक म्हणून वाचत होता असा आपला समज झाला असल्यास विद्यापीठ दिलगिरी व्यक्त करतं; आपली नेमणूक पहिल्या परिच्छेदापासूनच झालेली आहे.

उत्तरपत्रिका क्रमांक एक सोबत देत आहोत. वेळ फार नाही. तिकडे किनाऱ्यालगतच्या बर्फाला भेगा पडू लागल्या आहेत, आणि आलासी रोज सकाळी खिडकीतून आधी बर्फाकडे आणि मग फोनकडे बघते. प्रश्न होता: ‘आपल्या पूर्वीच्या शिक्षणाविषयी लिहा.’ उविलुकचं उत्तर असं आहे:

‘पहिल्या वेळी मी शाळेची फरशी पुसत होते. वर्गाबाहेरची फरशी मी सावकाश पुसायचे. पुसता पुसता सातच्या पाढ्यापर्यंत आले. मग मास्तरांना बादलीचा आवाज त्रास द्यायला लागला आणि ते दार लावून घेऊ लागले. आठचा पाढा मी या वेळी शिकलो.’

गुण शंभरपैकी द्यावेत. उत्तीर्ण होण्यासाठी पन्नास लागतात. वाचताना आपला घसा दाटून आला असल्यास तसं ताबडतोब कळवावं, कारण नियम चौदाप्रमाणे आपल्यालाही बाद करावं लागेल, आणि मग मात्र खरोखरच कोणी उरणार नाही. नुसतं हसू आलं असेल तर हरकत नाही; तेवढं नियमात बसतं.